तळ्याकाठची शांतता



या व्याख्यानमालेत आपण दरवर्षी मोठे मोठे विषय ऐकता. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. एका शांत गावी जाऊन यावे, तेथे चार दिवस राहावे आणि जे दिसले ते आपल्या माणसांना सांगावे, एवढाच तो आहे. परंतु लहान विषयाचा एक फायदा असा, की तो हातात धरून सर्व बाजूंनी पाहता येतो.

‘शांत गाव’ असे म्हटले की हल्ली अनेकांच्या डोळ्यांपुढे जपान उभा राहतो. तिकडून आलेली मंडळी टोकियोच्या दिव्यांविषयी बोलतातच. पण उत्तरेकडील आकिता, यामागाता अशा भागांतल्या भातखेड्यांची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. पाण्याने भरलेली आरशासारखी खाचरे, मागे डोंगर, कडेने झुळझुळणारा पाट आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! ऐकणाऱ्याला वाटते, अशी शांतता आपल्या नशिबी कोठली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही, असे आमचे मत आहे. म्हणून आज आम्ही आपणांस गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध या गावी नेणार आहोत. जपान मधून मधून भेटेल. पण तो आपले गाव अधिक नीट दिसावे म्हणून.

नागपूरहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गाने निघावे. भंडारा, लाखनी, साकोली ही गावे मागे टाकली की कोहमारा येते. तेथून गाडी दक्षिणेला वळते. आगगाडीने जायचे तर गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसून देवलगावच्या लहानशा स्टेशनावर उतरावे. या मार्गावर एके काळी अरुंद रुळांवरची छोटी गाडी धावत असे. १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या टापूत अर्जुनी दोन आहेत, एक सडक अर्जुनी आणि दुसरी मोरगाव अर्जुनी. नवेगाव बांध हे मोरगाव अर्जुनीच्या तालुक्यात येते. नुसते ‘अर्जुनी’ म्हणून तिकीट मागणाऱ्या शहरी माणसाकडे कंडक्टर जरा दयेनेच पाहतो! हा सारा मुलूख पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. लोक मात्र या प्रदेशाला त्याहून जुन्या नावाने ओळखतात. झाडीपट्टी हे ते नाव.

आम्ही गेलो ते रोवणीच्या दिवसांत. येथे शेतातल्या पिकाला भात म्हणत नाहीत, धान म्हणतात. भात ताटात असतो. बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी, आणि एका कोपऱ्यात दाट पेरून वाढवलेली रोपे म्हणजे पऱ्हे. बांधीत चिखल करायचा, पऱ्हे उपटून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या, आणि मग बायकांनी एका ओळीत कमरेत वाकून, मागे मागे सरत, रोप चिखलात खोवत जायचे, ही रोवणी. वर पाऊस, खाली पाणी, आणि त्या दोहोंच्या मध्ये वाकलेल्या पाठींची ती रांग! सकाळी तपकिरी दिसणारी बांधी संध्याकाळी हिरवी झालेली असते. आपल्या ताटातल्या भाताचे प्रत्येक चूड असे कोणीतरी वाकून हाताने लावलेले असते, हे आपणांस पुस्तकातून ठाऊक असते. तेथे ते डोळ्यांना दिसते.

या दिवसांत भर दुपारी गावातून फेरी मारावी. दारे लोटलेली, ओसऱ्या मोकळ्या, एखादे म्हातारे माणूस खाटेवर बसलेले. शहरातून आलेला पाहुणा म्हणतो, ‘वा, काय शांतता आहे!’ आणि त्याच घटकेला सारे गाव पोटरीभर चिखलात उभे असते. गाव गप्प आहे, कारण गाव कामावर गेले आहे. गावच्या शांततेविषयीचा हा पहिला धडा.

दुसरा धडा तळ्याकाठी मिळतो. गावाच्या नावातला ‘बांध’ तो हाच. पाळीवर चढून उभे राहावे, म्हणजे समोर पाणीच पाणी दिसते. पलीकडे डोंगरांची रांग, डोंगरांवर दाट झाडी, आणि थंडीच्या दिवसांत गेलात तर दूरदेशांहून आलेल्या नाना जातींच्या बदकांचे थवे. तळ्याचे क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याचा घेर १७ मैलांचा असल्याची जुनी नोंद आहे. हे सरोवर परमेश्वराने निर्माण केले असावे, असेच पाहणाऱ्याला वाटते. पण ते माणसाच्या हातचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधविले. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बुजवल्या, आणि पावसाचे जे पाणी वाहून जात होते ते तेथेच थांबले.

तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या काळी माती वाहणारी यंत्रे नव्हती, नकाशे नव्हते. कुदळ होती, टोपली होती आणि डोके होते. यांपैकी शेवटच्या साधनाचे मोल विशेष. चहूकडे माती ढिगाऱ्याने रचून तळे होत नाही. डोंगर कोठे जवळ येतात, पाणी कोठून उतरते, किती उंचीची पाळ घातली म्हणजे किती रान बुडेल, आणि जास्तीचे पाणी कोठून बाहेर काढले म्हणजे पाळ फुटणार नाही, एवढा हिशेब डोळ्यांनी करावा लागतो. डोंगरांनी बहुतेक काम केलेलेच होते. उरलेल्या फटी कोठे आहेत हे ओळखणे, ही त्या पाटलाची बुद्धी.

तळ्याभोवतीच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. या सात बहिणींनी बांध पुरा करण्यास मदत केली, अशी गावची श्रद्धा आहे. स्वतः कोलू पाटलाचाही पुढे देव झाला. कोलासूर या नावाने एका शिखरावर त्याचे ठाणे आहे. दैवतकथेकडे पुरावा मागण्याचे कारण नाही; तिचा अर्थ घ्यावा. एवढे काम एकट्या माणसाच्याने होत नाही, हे ती कथा कबूल करते, आणि पाणी अडवणाऱ्या माणसाला कोणत्या पंक्तीत बसवावे तेही ती सांगते. आपल्याकडे किल्ले बांधणाऱ्यांच्या बखरी झाल्या. येथे तळे बांधणाऱ्याचा देव झाला. कोणता मान मोठा, हे आपणच ठरवावे.

कोलू पाटील एकटा नव्हता. कोहळी हा सारा समाजच तळी बांधण्यासाठी प्रसिद्ध. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या मंडळींना आपल्या मुलखात आणले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. जो रान तोडून तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन मिळेल, असे गोंड राजांचे धोरण होते असे सांगतात. त्या उत्तेजनातून सिरेगावचे तळे झाले, आणि लहान तळ्या-बोड्यांची तर गणतीच नाही. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून अशी जुनी तळी सुमारे सात हजार आहेत. यांतली बरीचशी एकाखाली एक अशी गुंफलेली. वरच्या तळ्याचे ओसंडलेले पाणी खालच्या तळ्यात येते. शेताला पाजलेले पाणी झिरपत झिरपत पुढच्या बोडीला मिळते. एकच पाऊस तीन-तीन वेळा वापरण्याची ही युक्ती आहे.

आता येथे कोणी म्हणेल, की या प्रदेशात पाऊस तर धो धो पडतो. मग तळी हवीत कशाला? प्रश्न योग्य आहे. धानाला पाणी फार लागते, आणि ते वेळेवर लागते. आषाढ-श्रावणात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला आणि भाद्रपदाच्या अखेरीस, ओंबी बाहेर पडण्याच्या वेळी, त्याने पंधरा दिवस दडी मारली, तर उभे पीक पोचट निघते. त्या पंधरा दिवसांसाठी तळे आहे. वर्षभर भरून ठेवायचे ते त्या पंधरवड्याच्या भीतीने. घरात आजारपणासाठी चार पैसे बाजूला ठेवतात ना, तसेच ते.

इथवर सारी हकीकत आनंदाची आहे. परंतु एवढ्यावर थांबलो तर आम्ही आपणांस अर्धेच गाव दाखवले असे होईल. पाळीवर थोडे पुढे चालून गेले, किंवा तालुक्यातल्या दुसऱ्या कोणत्याही लहान तळ्यावर जाऊन पाहिले, म्हणजे दुसरी बाजू दिसू लागते. काठाला गाळ साचून तळे उथळ झालेले असते. पाण्यात बेशरमाची झुडपे माजलेली असतात. कोठे पाळीला भेग, कोठे पाणी सोडण्याची मोरी नादुरुस्त, कोठे तळ्याच्या पोटातच कोणी शेत काढलेले. हे असे का झाले?

याचे उत्तर मालकीच्या इतिहासात आहे. १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने मध्य प्रांतातल्या गावच्या पाटलांना मालगुजार ठरवून गावाची मालकी त्यांच्या नावे केली. तेव्हापासून ही मालगुजारी तळी झाली. मालगुजारीचे आम्हाला गोडवे गायचे नाहीत. वेठीने राबणाऱ्या कुळांना विचारले असते तर त्यांनी त्या काळाची निराळी कहाणी सांगितली असती. आणि उत्तम जमीन कोणाकडे राहत असे हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट ठरलेली होती. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढायचा, पाळीवर माती चढवायची, पाट साफ करायचे, आणि यासाठी कोणी किती राबायचे, कोणाला किती पाणी मिळायचे, हे गावाला ठाऊक असे. गावच्या वहिवाटीची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात केलेली असे. काढलेला गाळ वाया जात नसे. तो बांध्यांत पडे आणि जमिनीला खत मिळे.

पुढे देश स्वतंत्र झाला. मध्य प्रदेश राज्याने १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या संपल्या. हा कायदा न्यायाचाच होता. कुळाला जमीन मिळाली, मानही मिळाला. तळी सरकारकडे आली. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तळी त्यांच्याकडे गेली, मोठी पाटबंधारे खात्याकडे राहिली. मालक गेला, हे चांगलेच झाले. पण मालकाबरोबर त्याचे कर्तव्यही गेले, आणि ते उचलायला कोणी पुढे आले नाही. गाव म्हणू लागले, तळे सरकारचे. सरकारने म्हणावे, पाणी तुम्ही घेता. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत गाळ साचत गेला.

या तळ्यांना आता ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन मामा तलाव म्हणतात. नाव मोठे गोड आहे. मामाच्या घरी हक्काने जाऊन खावे, प्यावे, लाड करून घ्यावेत, हे सर्व भाच्यांना ठाऊक असते. मामाच्या घराची कौले यंदा कोण शाकारणार, असे मात्र एकही भाचा विचारीत नाही!

आता थोडा वेळ जपानला जाऊ. तेथील भातशेतीचा पाया आपल्यासारखाच आहे: डोंगरावरचे रान, त्यातून येणारे पाणी, पाट आणि खाचरे. तेथेही रानावर आणि पाण्यावर गावाचा सामाईक हक्क असे. त्याला ते लोक ‘इरिआइ’ म्हणतात, आणि १८९८ सालापासून लागू झालेल्या त्यांच्या दिवाणी कायद्यात तो हक्क मान्य केलेला आहे. आपल्याकडच्या निस्तार हक्काचा हा चुलतभाऊच. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही जमीनदारी गेली, कुळे मालक झाली. पण १९४९ साली त्यांनी आणखी एक कायदा केला. त्या कायद्याने शेतकऱ्यांची स्वतःची भूमिसुधार मंडळे निघाली. पाटाचे पाणी, त्याची वाटणी, दुरुस्ती, वर्गणी, सारे त्या मंडळांच्या हाती. वसंतात खाचरांत पाणी सोडण्यापूर्वी गावातल्या घराघरांतून माणसे फावडे घेऊन निघतात आणि पाटाचा गाळ काढतात. म्हणजे मालक गेला तेव्हा त्याच्या जागी गावकऱ्यांना बसवण्याची तजवीज झाली. आपले प्रवासी ज्या पाटाची झुळझुळ ऐकून येतात, तिच्या मागे ही फावडी आहेत.

गंमत पाहा. १९५३च्या सुमारास आपल्याकडे ‘जपानी पद्धतीची भातलागवड’ ही मोहीम देशभर सुरू झाली. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे पहिले प्रयोग झाले होते. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, भरपूर खत, अशी ती शिकवण. ती आपण घेतली आणि बरेच ठिकाणी तिने पीक वाढले. पाटाच्या गाळासाठी घराघरांतून माणूस निघण्याची त्यांची जी रीत, तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. रोपांची ओळ आपण उचलली. माणसांची ओळ राहून गेली.

तथापि जपानचे सारेच अनुकरणीय आहे असे समजू नये. आकिता प्रांतात हाचिरोगाता नावाचे सरोवर होते, जपानातले दुसऱ्या क्रमांकाचे. भात अधिक पिकवावा म्हणून १९५७ पासून ते उपसून कोरडे करण्याचे काम सुरू झाले. त्या तळावर १९६४ साली ओगाता नावाचे नवे गाव स्थापन झाले. देशभरातून निवडलेली शेतकरी कुटुंबे तेथे वसवली. आणि १९७० साली त्याच सरकारने, देशात तांदूळ फार झाला, आता भात कमी लावा, असे धोरण जाहीर केले! एका देशात भातासाठी सरोवर आटवले. आपल्या नवेगावात भातासाठी सरोवर बांधले. कोलू पाटलाच्या तळ्याने गेली तीनशे वर्षे धानही दिले, मासाही दिला आणि पाखरांना आसराही दिला.

शिवाय तेथे आणखी एक मोठे दुःख आहे, जे पाहुण्याच्या डोळ्यांना दिसत नाही. आकिता हा आज जपानात म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण सर्वांत अधिक असलेला प्रांत आहे. तरुण मंडळी टोकियोसारख्या शहरांत गेली. शाळा बंद झाल्या, घरांना कुलुपे लागली. पाट साफ करायला निघणारी माणसे दर वसंतात थोडी कमी होतात. आमचा प्रवासी ज्या शांततेने भारावून जातो, तिच्यातली काही शांतता कामाची आहे आणि काही ओस पडलेल्या घरांची आहे. दोन्ही कानाला सारख्याच लागतात. म्हणून म्हणतो, शांत गावी गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की ही शांतता कोणत्या जातीची? माणसे शेतात गेली आहेत म्हणून गाव शांत आहे, की माणसे गाव सोडून गेली आहेत म्हणून?

नवेगाव बांधला आम्ही हा प्रश्न मनाशी विचारला. उत्तर आज तरी पहिले आहे. बांध्यांत माणसे आहेत, शाळेत मुले आहेत. परंतु दुसऱ्या उत्तराची चाहूल लागत नाही असे नाही. धानाचा हंगाम आटोपला की या भागातली तरुण मुले कामासाठी नागपूर, हैदराबादची वाट धरतात. काही परत येतात, काही येत नाहीत. ज्या शेतात वेळेवर पाणी मिळण्याची खात्री नाही, त्या शेतासाठी मुलाने घरी राहावे असे बापाने तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? तळ्यातला गाळ आणि गाडीत बसलेला मुलगा, या दोन गोष्टी एकमेकींपासून वाटतात तितक्या दूर नाहीत.

आता आशेची बाजू. तळ्याची काळजी प्रथम कोणाला वाटली? ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही अशांना! ढीवर ही येथली मासे धरणारी जमात. तळ्यांत गाळ आणि बेशरम माजले, तळाशी उगवणाऱ्या देशी पाणवनस्पती गेल्या, आणि त्या वनस्पतींच्या आधाराने अंडी घालणारे व वाढणारे गावठी मासेही कमी होत गेले. रोहू-कटल्याची बोटुकली आणून सोडली तरी हे नुकसान भरून येईना. तेव्हा गेल्या पंधरा-वीस वर्षांत याच अर्जुनी तालुक्यातल्या ढीवरांच्या सहकारी संस्थांनी आणि त्यांच्या बायकांच्या गटांनी स्वतः तळ्यांत उतरून काम आरंभले. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरट करायची, बेशरम मुळासकट उपटायचे, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या चांगल्या तळ्यातून देशी वनस्पती आणून लावायच्या. धानाची रोवणी करणाऱ्या हातांनी तळ्यात पाणवनस्पतींची रोवणी करावी, ही कल्पनाच किती सुंदर आहे! मासे परतले, आणि पाण्यावर पाखरेही दिसू लागली. सरकारनेही २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. तळ्याचा गाळ शेतात नेण्याची जुनीच रीत तिने नव्या नावाने पुढे आणली. योजना येतील आणि जातील. गाळ मात्र दर पावसाळ्यात येणार आहे. तेव्हा तो काढणारे हातही दरवर्षीच लागणार.

तळ्याच्या दुसऱ्या काठाला रान आहे. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प. वाघाला जागा हवी, यात शंका नाही. त्यासाठी रानाच्या पोटातली काही गावे उठून बाहेर आली, हेही आपण विसरू नये. वाघ पाहून परतताना, आपल्याला मोकळे रान मिळावे म्हणून कोणीतरी आपली चूल दुसरीकडे नेली आहे, एवढे मनात असावे. रान राहिले तर डोंगराची माती जागी राहते, आणि माती जागी राहिली तर तळे भरत नाही ते गाळाने; भरते ते पाण्याने. वाघ, झाड, तळे आणि धान ही एकाच साखळीची कडी आहेत.

शांत गाव म्हणजे दार लावून बसलेले गाव, असाही समज करून घेऊ नये. याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. बर्फाच्या देशातून आलेल्या माणसांनी या धानाच्या मुलखात शेती केली. जवळच प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही आहे; महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. आणि धान घरात आले की दिवाळीपासून या गप्प मुलखाला असा कंठ फुटतो, की विचारू नये! गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्या रात्र रात्र रंगमंच गाजवतात. पोटरीभर चिखलात उभी असलेली तीच माणसे कांबळे पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. ज्याने वर्षभर काम केले त्यालाच असा उत्सव साधतो.

मग अशा गावी कसे जावे? याचा उत्तम नमुना आपल्यापुढे आहे. मारुती चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगाव बांधला आले. हाती अधिकार होता. पण रान आणि पाखरे समजून घेण्यासाठी ते गावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसापाशी शिष्यासारखे बसले, आणि ते ऋण त्यांनी आपल्या लेखनात मोकळेपणाने मांडले. पाखरांची, झाडांची शेकडो देशी नावे त्यांनी लोकांच्या तोंडून गोळा केली व मराठीला दिली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. तळ्याकडे शिष्य म्हणून गेलेला माणूस किती घेऊन येऊ शकतो, हे त्यांच्या पुस्तकांत दिसते.

आपण सारे चितमपल्ली होणार नाही. पण रोवणीच्या वा कापणीच्या दिवसांत गेलो, तर पाळीवर उभे राहून छायाचित्र काढण्याआधी एका शेतकऱ्याला विचारू शकतो, की बाबा, यंदा मोरी कधी उघडली? गाळ शेवटचा कधी निघाला? पाण्याची वाटणी कोण करतो? हे तीन प्रश्न विचारले की तो माणूस तुमच्याकडे नव्याने पाहील, आणि तळेही तुम्हाला नवे दिसेल. मासे ढीवरांकडून घ्यावेत, तांदूळ तेथला घ्यावा, आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. पाहुण्याने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आणि परत आल्यावर आपल्या गावात, आपल्या शहरात एकदा डोळे उघडून पाहावे. येथेही पूर्वजांनी बांधलेली एखादी विहीर असेल, बारव असेल, घाट असेल, वाचनालय असेल. ते बांधणाऱ्यांची नावे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांचा गाळ कोण काढतो? ही व्याख्यानमालासुद्धा एक तळेच आहे. कोणीतरी फार पूर्वी पाळ घातली, आणि दरवर्षी चार माणसे सतरंज्या घालतात, वर्गणी गोळा करतात, वक्त्यांना पत्रे लिहितात, म्हणून आपणांस वसंतात येथे पाणी मिळते. बांधणारा एकदाच लागतो. सांभाळणारे दरवर्षी लागतात. कोलू पाटलाचा देव झाला, ते योग्यच झाले. पण त्याच्यामागून तीनशे उन्हाळे ज्यांनी टोपल्यांनी गाळ वाहिला, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत आणि त्यांचे देऊळही नाही. ते तळे आज भरलेले आहे, हेच त्यांचे देऊळ.